सेलमचं पुस्तक निवडताना आधी नावं मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या वाट्याला सातवी-आठवीत कधीतरी 1692 चे मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे चेटूक-खटले येतात, म्हणजे चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसांवर चालवलेले खटले. वाचन कच्चं असेल तर घरचे सर्वांत पातळ कादंबरी आणून देतात. पण मूल पानांच्या संख्येवर अडत नाही, नावांवर अडतं. पहिल्या तीन आरोपींत दोघी सारा. अ‍ॅन पुटनम आईही आणि मुलगीही. मेरी वॉलकॉट आरोप करणारी, मेरी ईस्टी फासावर गेलेली. त्यात ‘गुडी’ हा लग्न झालेल्या बाईच्या नावाआधी लागणारा शब्द मुलांना नावच वाटतो.

म्हणून पहिल्या प्रकरणातली नवी नावं मोजावीत. सहाच्या वर असतील आणि पात्रांची यादी नसेल, तर पुस्तक तिथेच ठेवावं. मग मधल्या पानावरचे शंभर शब्द मोठ्याने वाचून घ्यावेत. पाचेक ठिकाणी अडखळला तर एकटा वाचेल, दहापर्यंत गेला तर कुणीतरी सोबत बसावं, त्यापुढे ऑडिओ लावून ओळीवर बोट ठेवत. मुक्तछंदातल्या कादंबऱ्यांत पानावर मजकूर कमी असतो खरा, पण तीन-चार मुली आळीपाळीने बोलू लागल्या की कोण बोलतंय तेच कळत नाही. त्यापेक्षा एकाच मुलीची डायरी बरी.

मुखपृष्ठावर पेटलेली चिता असेल तर लेखकाचा अभ्यास तिथेच कळला. सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही. 19 जणांना फाशी झाली, जाइल्स कोरी या आरोपीला दगडांखाली चिरडून मारलं, काही जण तुरुंगातच मेले.

खरी गाठ कबुलीजबाबाची. पहिल्या तिघींतल्या टिटुबाने गुन्हा कबूल केला, ती वाचली. 71 वर्षांच्या रिबेका नर्सने नाकारला. ज्युरीने आधी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला आणि ती फासावर गेली. हे एका वाक्यात उरकलेलं असेल तर मूल विचारणारच, ‘मग सगळ्यांनी हो का नाही म्हटलं?’ देवासमोर खोटं बोललो तर आत्मा गमावू, ही त्या माणसांची भीती कथेत सावकाश यायला हवी.

समजावताना ‘चेटकीण’ म्हटलं की बाकदार नाकाची, झाडूवरची बाई डोळ्यांसमोर येते. ‘डाकीण’ म्हणावं. बायकांना डाकीण ठरवून छळल्याच्या नंदुरबारकडच्या बातम्यांमुळे त्या शब्दाचं वजन आपल्याला ठाऊक आहे.

आणि पुस्तकाआधी एक बातमी वाचायला द्यावी: सेलमच्या खटल्यांत दोषी ठरून नोंदीत तशीच राहिलेल्या एलिझाबेथ जॉन्सन या शेवटच्या बाईला मॅसॅच्युसेट्सने 2022 मध्ये दोषमुक्त केलं, आणि त्यासाठी पाठपुरावा केला होता आठवीच्या एका वर्गाने.

— एक शालेय ग्रंथपाल, ठाणे