वाफेच्या गावाला जाऊन आले

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "पायाखाली उकळतंय, तर माणसं तिथं राहतात कशाला?" तेव्हा रेंज जात होती, म्हणून आता नीट लिहिते.

इथे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडहून रोटोरुआ शहर गाडीने तीनेक तास. शहरात शिरताच सडक्या अंड्यांचा वास येतो. नाक मुरडलं, पण तासाभरात विसरलेही. शहराला लागूनच फाकारेवारेवा हे माओरींचं, म्हणजे इथल्या मूळ लोकांचं, गाव आहे. सगळे नुसतं फाका म्हणतात. तिकीट काढून आत जायचं. मला आधी ते अवघड वाटलं. लोकांच्या दारातून, वाळत घातलेल्या कपड्यांजवळून आपण फोटो काढत हिंडायचं? पण आमची वाटाड्या बाई त्याच गावची. पाहुण्याला कुठवर येऊ द्यायचं आणि कुठे थांबवायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. या कामात त्यांच्या पिढ्या गेल्या आहेत.

फाकातले हे तुहोरांगी, म्हणजे माओरींतली एक जमात, पूर्वी तारावेरा डोंगराजवळच्या ते वायरोआ गावात राहायचे. तिथे गरम पाण्यातल्या सिलिकाचे थर साचून गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या झाल्या होत्या, त्या बघायला लांबलांबून लोक यायचे. १० जून १८८६ ला पहाटे तारावेरा फुटला. पायऱ्या गेल्या, गाव राखेत गाडलं गेलं, शंभरावर माणसं मेली. सोफिया हिनेरांगी नावाच्या वाटाड्या बाईच्या घरात आसरा घेतलेले कितीतरी जण वाचले. उरलेल्यांतले बरेच जण फाकाला आले, सोफियाही आली. म्हणजे बघ, ज्वालामुखीने घर गिळल्यावर ही माणसं गार जमिनीवर नाही गेली, वाफेच्याच शेजारी आली. आणि पाहुण्यांना वाट दाखवायचं काम पुन्हा उभं केलं, त्यातही बायका पुढे. त्यांच्यातल्या मॅगी पापाकुराने १९०१ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राला हा परिसर दाखवला आणि पुढे ऑक्सफर्डला जाऊन आपल्याच लोकांचा अभ्यास केला.

का राहतात ते मला त्यांचं रांधप बघून कळलं. जमिनीतून वाफ येते तिथे लाकडी पेटी बसवलेली. आत रताळी, कोबी, मांस ठेवायचं, वर झाकण, आणि आपल्या कामाला लागायचं. ना गॅस, ना ढवळणं. पलीकडे पारेकोहुरु नावाचं कुंड आहे, निळंशार आणि सतत बुडबुडणारं. त्यात पिशवीत बांधून कणसं सोडतात. यमुनोत्रीला तू सूर्यकुंडात तांदळाची पुरचुंडी सोडली होतीस, अगदी तस्सं. कणसावर लोणी देतात. मला मात्र लिंबू-तिखट हवं होतं! त्याच कुंडाचं पाणी उघड्या पाटांतून निववत न्हाणीच्या हौदांत आणतात. हौद सगळ्या गावाचे, पाहुण्यांचे नाहीत. थडगीसुद्धा जमिनीच्या वर बांधलेली, कारण खाली खणायची सोयच नाही.

बाबा, हे तुमच्यासाठी. रोटोरुआत घरं, मोटेल गरम ठेवायला लोकांनी जागोजाग गरम पाण्याच्या बोअर मारल्या आणि जमिनीतून आपोआप उडणारी गरम पाण्याची कारंजी आटायला लागली. पापाकुरा नावाचं गरम पाण्याचं कारंजं १९७९ मध्ये बंदच पडलं. शेवटी १९८६ मध्ये सरकारने पोहुतू या मोठ्या कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायचा हुकूम काढला. लोक चिडले, पण जमिनीखालचा दाब वाढला, आणि पापाकुरा २०१५ मध्ये पुन्हा उडायला लागलं. आपल्या सोसायटीच्या तिसऱ्या बोअरवरून तुम्ही एकटे भांडत होता, ते आठवून हसू आलं. पोहुतू आम्ही गावातूनच पाहिलं. ३० मीटरपर्यंत उडतं म्हणतात. आम्ही होतो तेव्हा त्याच्या निम्मंही नसेल, पण आवाज छातीत घुमत होता.

पुलाखालच्या ओढ्यात पोरं उभी असतात, नाणी टाका म्हणून ओरडतात आणि टाकलं की सूर मारतात. ह्यांनी खिशातली सगळी चिल्लर संपवली, पार्किंगलाही ठेवली नाही.

तुम्ही याल तेव्हा एक दिवस फाकासाठी ठेवूया. चालणं फार नाही, बाबांच्या गुडघ्यांना झेपेल. आई, चांदीची जोडवी मात्र आमच्या घरीच काढून ठेव, तिथल्या गंधकाच्या हवेत काळी पडतात. आणि येताना मेतकूट आण, इथलं संपलं.

तुमची,
मनू