दारूखान्याच्या रेखाटनाबद्दल

मालमो, स्वीडन, रविवार

प्रिय सुहास,

मुंबईच्या दारूखान्यात काढायच्या वस्तीचं तुझं रेखाटन येऊन महिना झाला आणि मी मुकाट. रागावला असशील, तुझा हक्कच आहे. माझी तब्येत बरी, आईची साखर आटोक्यात. लिहायला बसलोय ते तू किनाऱ्यालगत काढलेल्या वडांच्या रांगेमुळे. ती डोक्यातून जातच नाही.

अरे, तिथे वर्षानुवर्षं जहाजं फोडलीत. म्हणजे मातीत रंगातलं शिसं, बुडाला शेवाळ धरू नये म्हणून लावायचं ट्रायब्युटिल टिन, जुन्या केबलींतलं पीसीबी नावाचं विषारी रसायन, पाइपांवरच्या वेष्टणाचं ॲस्बेस्टॉस आणि इंजिनाचं तेल. वडाची मुळं यातच उतरणार. वरून मीटरभर लाल माती पसरून भागत नाही. भरती-ओहोटीबरोबर जमिनीतलं पाणी वरखाली होतं आणि मीठ, तेल वर आणतं. आधी वीस-वीस मीटरवर बोअर घे, भरावाखालचा चिखल लागेपर्यंत, दर अर्ध्या मीटरला नमुना. आणि नमुने एकत्र कालवू देऊ नकोस. कालवले की तेलाचा एखादा खड्डा सरासरीत बुडतो आणि तो नेमका बालवाडीखाली निघतो. मग उचलायची तेवढी माती उचल. उरलेल्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), पाणी वर चढू नये म्हणून जाड खडीचा थर, पुन्हा जिओटेक्स्टाइल आणि झाडांसाठी दीड मीटर तरी चांगली माती. इमारतींच्या जोत्याखाली मातीतली वाफ अडवणारा पडदा विसरू नकोस.

झाडांनीच माती साफ करू म्हणतोस. ॲमस्टरडॅमच्या द क्यूव्हेलमध्ये तसं केलंय खरं, जुन्या गोदीच्या जागेवर. पण तिथे जमीन दहा वर्षांच्या कराराने होती, जुन्या हाउसबोटी जमिनीवर ठेवून त्यांत कामाच्या जागा केल्या, आणि ये-जा उंच लाकडी पायवाटेवरून. विलोचं झाड मातीतलं जस्त आणि कॅडमियम ओढतं, शिसं जवळपास नाहीच. कापलेल्या फांद्याही घातक कचऱ्यात जातात. शंभर कुटुंबं राहायला येणार असतील तर हा रस्ता नाही.

इथल्या कोकुम्स गोदीच्या जागेत २००१ च्या गृहप्रदर्शनासाठी पहिली वस्ती उभी राहिली. तिथला हिरव्या जागेचा नियम मात्र उचल. मातीतल्या हिरवळीला १, फरशी-डांबराला शून्य, मधल्यांना मधले गुण, आणि अख्ख्या भूखंडाची सरासरी किमान ०.५. शिवाय ३५ गोष्टींच्या यादीतल्या १० निवडायच्या, वटवाघळांच्या पेट्यांपासून पुढे. चुकलं ते ऊर्जेत. वर्षाला दर चौरस मीटरमागे १०५ किलोवॅट-तासांची मर्यादा ठरली होती, पण समुद्र दिसावा म्हणून भिंतभर काचा लावल्या आणि बऱ्याच इमारतींनी ती ओलांडली. तुझ्या पूर्वेकडच्या काचांना त्याहून जास्त ऊन लागेल.

आता आपलं कॉलेजपासूनचं भांडण. पाणी दिसायला हवं म्हणायचास, मी पाइप-पाइप करायचो. मालमोत तू जिंकलास, पाऊस उघड्या पन्हाळींतून, छोट्या तळ्यांतून समुद्रात जातो आणि छान दिसतो. पण इथे भरती नावापुरती, मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. तेव्हा पन्हाळीच्या तोंडाचं झापड बंद राहणार, आणि तसंच राहायला हवं, नाहीतर खाडीच आत येईल. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धर. एका हेक्टरवर ताशी ५०० घनमीटर, झापड तीन तास बंद तर १,५००. मीटरभर खोल तळं केलं तरी १,५०० चौरस मीटर लागतात, म्हणजे जागेचा १५ टक्के. तुझ्या रेखाटनात तिथे खुला रंगमंच आहे. रंगमंच ठेव, पण खोलगट कर, पावसाळ्यात तोच भरू दे, पायऱ्यांना शेवाळ धरणार नाही असा खडबडीत दगड लाव आणि दोन पंप ठेव, एक बंद पडला तर दुसरा. पंपाची वीज पुराच्या पातळीच्या वर. लोक हेच विसरतात.

हो, तुझी लाडकी कोकुम्सची क्रेन. १३८ मीटरची, २००२ मध्ये एका डॉलरला कोरियात गेली. तिथल्या उल्सान शहरात तिला ‘मालमोचे अश्रू’ म्हणतात. क्रेनची एवढी आठवण, पण दारूखान्यात गॅसकटर चालवणारे जिथे राहतात ती वस्ती तुझ्या नकाशावर पांढरी सोडलीयस. तिथे त्यांचीच घरं काढ ना.

पोरीची बारावी कशी चाललीय? वहिनींना नमस्कार.

शिवडीची भरतीची कोष्टकं आणि जुने बोअर असतील तर पाठव. तळ्याची खोली मी काढून देतो.

तुझा,
विन्या