गरम चाकू

पोर्ट्समथ, १२ ऑक्टोबर

ती. आबांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही "बरं आहे ना? मग ठीक" एवढं बोलून फोन आईकडे देता, म्हणून आज लिहायलाच बसले.

काल सुट्टी होती. इथल्या गोदीत 'व्हिक्टरी' नावाचं जुनं लढाऊ जहाज आहे, १७६५ साली पाण्यात उतरलेलं. इतके दिवस गेले नव्हते. आठवडाभर ऑपरेशन थिएटरात उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा करवतीच बघायच्या, हौस कुणाला! पण गेले.

तुम्हाला वरचे तोफांचे मजले आवडले असते. मी मात्र रेंगाळले ती अगदी खाली, पाण्याच्या रेषेखालच्या मजल्यावर. वाकूनच चालावं लागतं. १८०५ साली ट्रॅफल्गारच्या समुद्री लढाईत (इंग्रज विरुद्ध फ्रेंच-स्पॅनिश) विल्यम बीटी हा सर्जन तिथे कंदिलाच्या उजेडात काम करत होता. जहाजावर ८२१ माणसं, त्यांतली ५७ गेली, १०२ जखमी झाली. गोळ्याइतकंच वैर लाकडाशी, आबा. तोफगोळा ओकची भिंत फोडून आत शिरला की धारदार कपच्या उडायच्या आणि अंगावरच्या मळक्या कपड्याच्या चिंध्या घेऊन मांसात रुतायच्या. ती चिंधी आत राहिली की पू आलाच. त्याच लढाईत याच जहाजावर पडलेला इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन, त्याचा जीव घेणाऱ्या गोळीलाही त्याच्या खांद्यावरच्या झुपक्याची सोनेरी जर चिकटलेली निघाली.

भूल द्यायला काहीच नव्हतं. ईथर आलं ते १८४६ मध्ये. म्हणून सगळी मदार हाताच्या वेगावर. वर स्क्रूचा पट्टा आवळायचा, कातडी गोल कापून मागे ओढायची, मग मांस, मग करवत. मुरलेला सर्जन काही मिनिटांत पाय वेगळा करायचा. पट्टा आम्हीही बांधतो, फक्त आमचा हवेचा आणि वेळ फार झाली की यंत्रच ओरडतं.

नेल्सनचा उजवा हात त्याआधीच गेला होता, १७९७ च्या जुलैत, टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या लढाईत. कापणाऱ्याचं नाव टॉमस एशेल्बी. अर्ध्या तासात हा माणूस पुन्हा हुकूम सोडत होता म्हणतात. पण नंतर त्याने तक्रार केली ती कापण्याची नव्हे, चाकूच्या गारव्याची. पुढे लढाईच्या आधी हत्यारं गरम करून ठेवायला सांगायचा. हे वाचून मी तिथेच थांबले. आमच्याकडे पेशंट टेबलावर घेतला की आम्ही पहिली ऊबदार चादर टाकतो, ते आठवलं.

आणखी एक. रक्तवाहिनी रेशमाच्या दोऱ्याने बांधायचे आणि दोऱ्याची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवायचे. आतलं कुजून सुटलं की दोरा ओढून काढायचा. नेल्सनचा एक दोरा सुटेचना. बहुतेक नसच त्यात अडकली होती. डिसेंबरात तो एकदाचा निघाला, तोवर झोप नाही.

शेजारच्याच संग्रहालयात १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ'वरची न्हावी-सर्जनची पेटी आहे. लोखंडी पाती गंजून गेली, लाकडी मुठी तेवढ्या उरल्यात. त्या मुठी बघताना तुमचा हात डोळ्यांसमोर आला.

विंचच्या दोरात तुमची दोन बोटं गेली तेव्हा मी पहिलीत होते. हर्णै बंदरात लाँच लागायला चार तास लागले, एवढंच आईने सांगितलंय. तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत आणि मीही विचारलं नाही, नर्स होऊनसुद्धा. आता विचारते. त्या चार तासांत हात वर धरला होता का? गमछा कोणी आवळला, तांडेलने की तुम्हीच दातांनी? आणि अजून थंडीत नसलेल्या बोटांना कळ येते का? येत असेल तर त्यावर गोळ्या आहेत, उगाच तेल चोळत बसू नका.

फोनवर नको असेल तर धाकट्याला सांगा, तो लिहून पाठवेल. आईला नमस्कार.

तुमची,
सुमी