उक्त्याच्या टोळीला सावली कधी?

महोदय,

‘दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका’ हा सल्ला मार्च उजाडला की सगळीकडून ऐकू येतो. निफाड, येवला, चांदवडकडे उन्हाळ कांद्याची काढणी नेमकी तेव्हाच सुरू होते आणि मेपर्यंत चालते. ही काढणी बहुतेक उक्ती असते. एकराचा भाव आधी ठरतो आणि पेठ-सुरगाण्याहून आलेली टोळी जेवढं वावर उरकेल तेवढे पैसे घेते. ‘जरा सावलीला बसा’ म्हटलं तरी कुणी उठत नाही, कारण बसलं की दुसऱ्याचं वावर हातचं जातं. शेतकऱ्यालाही अवकाळीची धास्ती, कांदा भिजला तर साठवणीच्या चाळीत टिकत नाही.

पात कापायला ओळीनं बसलेल्या बायांकडे एकदा नीट पाहावं. पाण्याचा हंडा बांधावरच असतो, पण त्या ओठ ओले करण्यापुरतंच पितात. मोकळ्या वावरात लघवीला आडोसा नाही, म्हणून. ‘भरपूर पाणी प्या’ असं फलकावर लिहिणाऱ्यांना हे कुणी तरी सांगायला हवं. चार बांबू आणि द्राक्षबागेतलं जुनं शेडनेट, एवढ्यात आडोसा उभा राहतो.

अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेच्या काळात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचा हिशेब अभ्यासकांनी मांडला. त्या लाटेनंतर २०१३ मध्ये तिथं उष्णता कृती आराखडा आला. आपल्याकडे वावरात कोसळलेल्या मजुराच्या नोंदीत कारण हृदयविकाराचं पडलं, तर त्या दिवशीचं ऊन कागदावर येतच नाही. मग आराखडा कुणासाठी आखणार?

उष्माघातात अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळायला लागतो. १०८ ला फोन करावाच, पण गाडी येईपर्यंत थांबू नये. सावलीत नेऊन पाणी ओतायचं, वारा घालायचा, अंग गार करायचं. हे मुकादमाला शिकवलेलं असायला हवं, कारण तिथं डॉक्टर नसतो, तोच असतो.

जिल्हा आरोग्य विभागाला विनंती आहे की, काढणीआधी ग्रामपंचायतीत शेतकरी, मुकादम आणि आशाताईंना एकत्र बसवावं. काम पहाटे पाच ते अकरा आणि चारनंतर, उक्त्याचा दर मात्र तोच, असं गावानंच ठरवावं. एका गावाच्या टोळ्यांनी एकाच वेळी काम थांबवलं, तर कुणाचं वावर हातचं जाणार नाही. उपकेंद्रात बर्फ आणि ओआरएस फेब्रुवारीतच पोहोचवावं.

– एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक