शहरातली गाडी आणि सड्यावरची गाडी

पावस

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा शनिवारी तू घरी आलीस, तेव्हा चहाचा पेला उजव्या हातात धरून डाव्या हाताची बोटे सारखी मिटत-उघडत होतीस. आईने विचारले, तर ‘काही नाही’ म्हणालीस. संध्याकाळी तुझी यामाहा आर१५ मोटरसायकल घेऊन मी रत्नागिरीला गेलो तो केवळ बाजारासाठी नव्हे. तुझ्या हाताला काय होते, ते मला स्वतः पाहायचे होते.

गोळपच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, मोकळा रस्ता लागला आणि तुझा या गाडीवर एवढा जीव का, ते मला उमगले. समोरून येणारा वारा छातीवर दाबतो, पुढे झुकलेल्या अंगाचा बराच भार तोच पेलतो, मनगटे हलकी होतात आणि वळणावर नजर जाईल तिकडे गाडी जाते. हा आनंद खरा आहे आणि ५८व्या वर्षी मलाही तो झाला.

भाट्याचा पूल ओलांडून शहरात शिरलो आणि जयस्तंभाकडून मारुती मंदिराकडे जाताना रिक्षा, एसटी व मासळीचे टेम्पो यांच्यामागे अडकलो, तेव्हा सगळेच उलटले. वारा नाही, म्हणून धडाचा भार थेट तळहातांवर. या १५५ सीसी इंजिनाची १८.४ पीएस ताकद १०,००० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) आणि १४.२ न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे ओढ, ७,५०० आरपीएमला मिळतो; म्हणजे इंजिन जोरात फिरल्यावरच. गर्दीत ते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून खेळवत ठेवावे लागते. तुझी बोटे दुखतात ती यामुळेच. शिवाय रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा पायांवर येते, आणि हँडल फारसे वळत नसल्याने एका रिक्षाच्या बाजूने निघताना मला दोनदा पाय टेकावे लागले.

मारुती मंदिराजवळ एक बाई पिशवी सावरत अचानक रस्त्यात आल्या. गाडी वेळेत थांबली, पण नेमक्या त्याच वेळी मी भाराने आखडलेली उजव्या हाताची बोटे सैल केली होती आणि ब्रेकच्या लिव्हरवर ती पोहोचायला क्षणभर उशीर झाला. एबीएस चाक अडकू देत नाही. बोटांचा उशीर मात्र त्याला भरून काढता येत नाही. तुझ्याकडून आजवर असे झाले नसेल, तरी मला ते तेव्हापासून विसरता आलेले नाही.

गाडी विक असे मी म्हणणार नाही. टाकी गुडघ्यांनी घट्ट धर, कोपरे सैल ठेव, अंगाचा भार पोटा-पाठीवर घे आणि थांबलीस की न्यूट्रल कर; याने पुष्कळ फरक पडेल. पण रोज दोन वेळा ऑफिसला जाण्यायेण्यासाठी तुला ताठ बसवणारी आणि कमी आरपीएमवर निमूट ओढणारी गाडीच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी स्प्लेंडर मी सर्व्हिसिंग करून घेतली आहे, मागचा टायरही नवा टाकला आहे. मला बाजारात जायला एसटी पुरते.

येत्या शनिवारी आर१५ वरूनच ये आणि सोमवारी सकाळी जाताना स्प्लेंडर ने. आर१५ पडवीत राहील. खाऱ्या हवेने चेन गंजू नये म्हणून तिला तेल मी घालीन. दर शनिवारी तू आलीस, की सडा आहेच.

तुझे,
बाबा