आठ बोळे मोजून घेणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

त्या दिवशी गाडी घेऊन निघताना मी 'थँक यू' म्हणाले, तुम्ही हात पुसत 'बरं बरं' केलंत आणि आत निघून गेलात. तेवढ्यावर माझं समाधान झालेलं नाही. म्हणून हे पत्र, चारचौघांनी वाचावं असं.

तुमच्याकडे आले तेव्हा मी पार वैतागलेली होते. सकाळी पहिल्यांदा चालू केली की गाडी आचके द्यायची, मिनिटभर अख्खं बॉनेट थरथरायचं. इंजिन तापलं की हीच गाडी शहाण्यासारखी चालायची. चढावर पिकअप गायब. चेक इंजिनचा दिवा मनाला येईल तेव्हा लागायचा. चार महिन्यांत तिघांना दाखवून झालं होतं. पहिल्यानं यंत्र लावून कोड वाचला, पी ०३००, आणि प्लग बदलले. दुसऱ्यानं तोच कोड वाचला आणि कॉइल बदलल्या. त्या कोडचा अर्थ एवढाच, की मिसफायर होतोय, म्हणजे पेट्रोल नीट पेट घेत नाही, आणि तो एकाच ठरलेल्या सिलिंडरमध्ये नाही. का होतोय, ते यंत्र सांगत नाही. ते शोधायला माणूस लागतो. तिसऱ्यानं टाकीत एक बाटली ओतली. "सगळा कार्बन धुऊन निघेल." मी विचारलं, कसा? तर म्हणाला, "मॅडम, घरातल्या कुणाला तरी पाठवा, त्यांना समजावतो." हे वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी काहीच केलं नाहीत. गाडी रात्रभर ठेवून घेतलीत, कारण "थंड इंजिन ऐकल्याशिवाय मी बोलत नाही." दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग, उतरवून बाजूला ठेवलेला होता. तुम्ही स्वतःच्या हातातली बॅटरी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बघा."

मी वाकून पाहिलं. व्हॉल्व्हची दांडी म्हणून काही दिसतच नव्हती. तिच्याभोवती काळी, खडबडीत खपली चढली होती, जळक्या डांबरासारखी. हवेनं आत जायचं कुठून?

मग तुम्ही अर्ध्या मिनिटात ते सांगितलंत, जे तिघांना चार महिन्यांत सांगता आलं नव्हतं. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे फवारतं, आणि आत जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन काढतं. माझ्या गाडीत ते थेट सिलिंडरमध्ये फवारतं. व्हॉल्व्हवर त्याचा थेंब पडत नाही. येते ती क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली, ऑइलची वाफ. ती व्हॉल्व्हवर बसते, भाजते, पुन्हा बसते. "मग टाकीत बाटली ओतून इथं काय पोचणार, ताई?" तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत. मला मात्र त्या बाटलीवाल्याचा चेहरा आठवला आणि फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

साफसफाई कशी झाली ते लिहीत बसत नाही. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारायचा आणि शेजारून व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा, इतकं कळलं. भुगा धातूपेक्षा मऊ म्हणून कार्बन निघतो आणि व्हॉल्व्हला ओरखडा जात नाही. ज्या सिलिंडरवर काम चालू, त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत, नाहीतर भुगा थेट पिस्टनवर. पहिल्या व्हॉल्व्हवरची खपली सुटून खालचा राखाडी धातू दिसला, तेव्हा मीच हरखले.

पण मला लिहायचंय ते बोळ्यांबद्दल.

काम सुरू करण्याआधी तुम्ही इनटेकच्या आठही तोंडांत जुन्या सुती कापडाचे बोळे कोंबलेत आणि मला म्हणालात, "आठ आहेत. मोजून घ्या. शेवटी मी काढीन, तेव्हा परत मोजा." मला वाटलं, उगाच मन रमवायला काम दिलंय. मी मोजले. आठ.

शेवटी तुम्ही एकेक काढून फडक्यावर मांडलेत. मी मोजले. सात.

तुम्ही परत मोजले. सातच. तुम्ही बॅटरी घेऊन आठही तोंडांत पाहिलंत. स्वच्छ. मीच म्हणाले, "पडला असेल कुठं तरी, काका." तुम्ही नुसती मान हलवलीत. गाडीखाली पाहिलंत, ट्रेमध्ये पाहिलंत, खिसे उलटे केलेत. मग व्हॅक्यूमचं पिंप उघडलंत आणि कोपरापर्यंत हात घालून तो काळा भुगा चाळत बसलात. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर दुसरं गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं, तुम्ही वर बघितलं नाहीत. अखेर हात बाहेर आला तो आठवा बोळा घेऊन. तो तुम्ही इतरांच्या रांगेत ठेवलात आणि म्हणालात, "मोजा."

काका, तिथं मला भरून आलं होतं. धूळ गेली असं दाखवून मी डोळे पुसले.

मी नसते तरी तुम्ही तो बोळा शोधलाच असता, याबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही मोजायला मला उभं केलंत. ज्या गाडीबद्दल माझ्याशी बोलणंही एकाला जमलं नव्हतं, तिच्या कामात तुम्ही मला साक्षीदार केलंत. सचोटीवर लोक मोठमोठं बोलतात. मला ती कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातात दिसली. कुठल्याही धंद्यात अशी माणसं असतात, त्यांच्यापर्यंत पोचायला आपल्याला आधी तीन दारं लागतात, इतकंच.

आणखी एक. पिस्टनच्या माथ्यावरही थोडा कार्बन आहे, असं छोट्या कॅमेऱ्यात दाखवून तुम्हीच म्हणालात, "त्यासाठी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायची गरज नाही, राहू दे." मी घाबरलेली होते, हो म्हटलं असतं. शिवाय व्हॉल्व्हवर हे सगळं हळूहळू परत साचणार, हेही तुम्हीच सांगितलंत. स्वतःच्या कामाची मुदत कोण सांगतं हो!

आता सकाळी चावी फिरवली की मी क्षणभर कान देऊन बसते. आचका येत नाही. ऑइल वेळेवर बदलतेय आणि जवळच्या जवळ जायला गाडी काढायची सवय मोडतेय, कारण इंजिन नीट तापायच्या आत बंद करू नका म्हणून तुम्ही दोनदा बजावलं होतं.

आणि हो, तुमची बॅटरी माझ्याच गाडीत राहिलीय, मागच्या सीटवर. शोधत असाल तर थांबा, शनिवारी आणून देते.

तुमची,
मोजणारी ताई