आधी नवऱ्याचीही टेस्ट करा

संपादक महोदय,

मूल होत नाही म्हटलं की आमच्या देवगडकडे अजून पहिली तपासणी सुनेचीच, मग देवाला गाऱ्हाणं, नवस, आणि नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा विषय कोणी काढला की घरातले गप्प. अहो, जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचंही कारण असतं, नि ही टेस्ट किती साधी, स्वस्त! ती आधी केली तर बाईची वर्षं तरी वाया जाणार नाहीत, पस्तिशीनंतर बीजं झपाट्याने कमी होतात.

मुंबईत केईएममध्ये १९८६ सालीच टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, पण आमच्या पोरी आजही आयव्हीएफसाठी, म्हणजे त्याच टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारासाठी, मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठतात. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मधेमधे सोनोग्राफी, माझी भाची तर इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात घालून एसटीने करूळ घाट चढायची, खिडकीकडे बसून, डबा मांडीवर घट्ट धरून. निदान ही सोनोग्राफी आणि वीर्यतपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होऊ दे ना! आणि जोडप्यांनो, २०२१ च्या कायद्याने आयव्हीएफ सेंटरची नोंदणी सक्तीची आहे, ती बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

- एक मावशी, देवगड